अराज्यवाद, राष्ट्रमुक्ती आणि राज्यसंस्थेचा प्रश्न : ठाणे-कल्याण परिसराच्या इतिहासाच्या आधारे

'अराजक' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनात जाळपोळ, लुटालूट आणि बेबंदशाही यांचे चित्र उभे राहते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र एवढाच की जेथे राजा नाही ती स्थिती. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा 'मात्स्यन्याय' आपल्याकडील राजनीतीच्या ग्रंथांनी इतका बिंबविला की राजाच्या अभावाला अनर्थाखेरीज दुसरा अर्थच उरला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात मात्र हाच अभाव ध्येय मानणारी एक विचारपरंपरा निर्माण झाली. फ्रान्समधील प्रूधाँ, रशियातील बाकुनिन आणि क्रोपोत्किन हे तिचे प्रमुख प्रवक्ते होत. या परंपरेला आम्ही प्रस्तुत लेखात 'अराज्यवाद' असे म्हणणार आहोत. तिचा विरोध सुव्यवस्थेला नाही, राज्यसंस्थेला आहे, हे या शब्दाने स्पष्ट होते.

बौद्ध अध्ययनाला वाहिलेल्या नियतकालिकात या विषयाची चर्चा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याला आमचे उत्तर असे की, राज्यसंस्था नाहीशी झाली तर तिच्या जागी काय येणार, हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात स्वतः उपस्थित केला होता आणि त्याच्या उत्तरासाठी ते तथागतांकडे वळले होते. शिवाय ठाणे, कल्याण आणि त्यांच्या उत्तरेकडील वनप्रदेश यांच्या इतिहासात या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू प्रत्यक्ष घटनांच्या रूपाने आढळतात.

अराज्यवाद्यांची भूमिका

अराज्यवाद्यांची भूमिका तीन सूत्रांत मांडता येईल. पहिले सूत्र क्रांतीविषयी आहे. क्रांती म्हणजे सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाणे नव्हे. ज्यांनी राज्ययंत्र ताब्यात घेतले ते कालांतराने त्या यंत्राचेच होतात. याच मुद्द्यावर बाकुनिन यांचे कार्ल मार्क्स यांच्याशी बिनसले आणि १८७२ साली हेग येथील अधिवेशनात त्यांना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढून टाकण्यात आले. कामगारांच्या नावाने चालणारे राज्य हे काही थोड्या माजी कामगारांचे इतर सर्वांवरील राज्य होईल, असे भाकीत त्यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथात केले. मार्च १९२१ मध्ये क्रोन्स्टाट येथील खलाशांचे बंड सोव्हिएत सरकारने लष्कर घालून मोडले, तेव्हा अनेकांना या भाकिताची आठवण झाली.

दुसरे सूत्र समाजाविषयी आहे. क्रोपोत्किन यांनी १९०२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्राणिसृष्टीपासून मध्ययुगीन नगरांपर्यंतचे दाखले देऊन असे प्रतिपादन केले की, परस्परसाहाय्य ही मानवाची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. समाज दंडाच्या धाकावर टिकत नाही, सहकार्यावर टिकतो. तिसरे सूत्र राष्ट्रमुक्तीचे आहे. बाकुनिन यांचा पोलंडच्या स्वातंत्र्यलढ्याला पाठिंबा होता. तथापि परकीय राज्य घालवून त्याच्या जागी स्वकीय राज्य बसविणे म्हणजे मुक्ती, हे त्यांना मान्य नव्हते. राष्ट्राचे स्वातंत्र्य आणि त्या राष्ट्रातील लोकांचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा या भूमिकेचा आशय होय.

ज्या १८७३ साली बाकुनिन यांचा ग्रंथ निघाला त्याच साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. जोतीराव अराज्यवादी नव्हते. शिक्षणासाठी व न्यायासाठी त्यांनी सरकारकडे वारंवार दाद मागितली. परंतु त्यांनी एक गोष्ट पाहिली जी बाकुनिन यांच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हती. पेशवाई गेली, इंग्रजी आली, तरी शूद्रातिशूद्रांच्या मानेवरील जोखड कायम राहिले, कारण कचेरीतील लेखणी आणि घरातील पोथी जुन्याच हातात होती. राज्य बदलूनही न बदलणारी एक सत्ता समाजात असते, हा जोतीरावांचा निष्कर्ष पुढील विवेचनात आम्हांस पुनःपुन्हा उपयोगी पडणार आहे.

ठाण्याचे कारागृह आणि 'अराजक' हा गुन्हा

१९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तीन तरुणांना फाशी देण्यात आले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, त्या खटल्याचा हा शेवट होता. त्या काळच्या सरकारी भाषेत अशा तरुणांना सरसकट 'अराजक' म्हटले जाई. १९१९ साली ज्या रौलट कायद्याविरुद्ध देश पेटला त्याच्या अधिकृत नावातही अराजकी व क्रांतिकारी गुन्ह्यांचा उल्लेख होता.

वस्तुतः नाशिकचे हे तरुण अराज्यवादी नव्हते. त्यांना परकीय राज्य नको होते आणि स्वकीय राज्य हवे होते. सेनापती बापट यांनी पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची कृती मिळविली आणि ती गुप्तपणे हिंदुस्थानात पोहोचली. युरोपातील क्रांतिकारकांचे तंत्र अशा रीतीने आपल्याकडे आले. राज्यसंस्थेविषयीचा त्यांच्यातील अराज्यवाद्यांचा मूळ प्रश्न मात्र मागेच राहिला. या बाबतीत भगतसिंग यांचा अपवाद करावा लागेल. त्यांनी १९२८ साली 'किरती' या पंजाबी मासिकात अराज्यवादावर लेखमाला लिहिली आणि त्या विचाराची सरकारने केलेली बदनामी दूर करण्याचा प्रयत्न केला.

फासावर गेलेल्यांच्या त्यागाबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जे स्वराज्य या तरुणांना हवे होते त्यात ठाणे जिल्ह्यातील महार, कातकरी व वारली यांचे स्थान काय असणार होते? त्या काळच्या गुप्त मंडळांच्या कार्यक्रमात या प्रश्नाला जागा मिळाली नव्हती.

हरदयाळ आणि आचार्य

अराज्यवादाचा तत्त्व म्हणून स्वीकार केलेले दोन भारतीय क्रांतिकारक विशेष उल्लेखनीय आहेत. पैकी लाला हरदयाळ बौद्ध अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने परिचित आहेत. १८८४ साली दिल्लीत जन्मलेले हरदयाळ १९११ मध्ये अमेरिकेला गेले, तेथे त्यांनी बाकुनिन यांच्या नावाने एक संस्था काढली आणि १९१३ मध्ये गदर चळवळीच्या उभारणीत प्रमुख भाग घेतला. १९१४ मध्ये अटक झाल्यावर ते जामिनावर सुटून युरोपात निघून गेले. जर्मनी व तुर्कस्तान यांच्या सहवासात त्यांचा भ्रमनिरास झाला. त्यानंतर ते कधी ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूला, तर कधी हिंदू संघटनाच्या बाजूला झुकले. अखेर लंडन विद्यापीठात त्यांनी बौद्ध संस्कृत वाङ्मयातील बोधिसत्त्वसिद्धान्तावर प्रबंध लिहिला. १९३२ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आजही अभ्यासला जातो. ज्याने राज्य नाकारले, त्याला शेवटी स्वतःच्या निर्वाणाआधी इतरांच्या दुःखमुक्तीचा विचार करणाऱ्या बोधिसत्त्वाचा आदर्श अभ्यासावासा वाटला, हे आम्हांस केवळ योगायोगाचे वाटत नाही. दंडशक्तीला नकार दिल्यानंतर माणसाला माणसाशी बांधणारे दुसरे काहीतरी शोधणे भाग पडते.

दुसरे म्हणजे एम. पी. टी. आचार्य. १८८७ साली मद्रास येथे जन्मलेले आचार्य लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांचे सहकारी होते. ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंद येथे जो प्रवासी भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला त्याच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. तेथे मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी मतभेद झाल्यावर ते बर्लिनला आले व अराज्यवादी झाले. १९३५ मध्ये मायदेशी परतून ते मुंबईत राहिले आणि रणछोडदास लोटवाला यांच्या संस्थेच्या वर्तुळात लेखन करीत राहिले. परकीय सत्ता गेल्यानंतरही राज्यसंस्था आणि भांडवल या दोहोंविरुद्धची त्यांची टीका थांबली नाही. चित्रकार पत्नी मग्दा नाखमान यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, मार्च १९५४ मध्ये, मुंबईतच त्यांचा दारिद्र्यात अंत झाला. आचार्यांनी राज्यसंस्था आणि भांडवल हे दोन शत्रू ओळखले. ते मुंबईत एकाकी लेखणी चालवीत होते त्याच काळात ठाणे जिल्ह्यातील वनप्रदेशात याच दोन शत्रूंविरुद्ध प्रत्यक्ष लढा उभा राहिला.

टिटवाळ्यापासून तलवाड्यापर्यंत

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याला उंबरगाव-डहाणू भागातील काही वारली उपस्थित होते. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. या चळवळीचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर होत. शामराव पूर्वी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते आणि १० जानेवारी १९३८ रोजी खोती नष्ट करण्यासाठी मुंबई विधिमंडळावर निघालेल्या शेतकरी मोर्च्यात बाबासाहेबांसह अग्रभागी होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

वारल्यांवर राज्य कोणाचे होते? नकाशावर ते इंग्रजांचे होते. परंतु वारल्याच्या रोजच्या आयुष्यात इंग्रज फारसा दिसतच नसे. दिसे तो जमीनदार, सावकार आणि जंगलखात्याचा शिपाई. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायकोने पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या घरी राबायचे, ही 'लग्नगडी' पद्धत कोणत्याही कायद्याने घालून दिलेली नव्हती. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात आदिवासींच्या या दास्याची नोंद केली होती. तरीही जमीनदारांचा अंमल चालूच राहिला. म्हणजे हे राज्यसंस्थेच्या आज्ञेवाचून चाललेले राज्य होते. वारल्यांनी गवतकापणीचा दर मागितला आणि वेठ नाकारली, तेव्हा मात्र राज्यसंस्था तात्काळ हजर झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण त्यात मृत्यू पावले.

१९४६ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. स्वराज्य उंबरठ्यावर होते. त्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीतही वारल्यांच्या नेत्यांना जिल्ह्याबाहेर हद्दपार करण्यात आले आणि संप मोडण्यासाठी बळाचा वापर झाला. सत्ताधीश बदलले तरी सत्तेची रीत बदलत नाही, हे अराज्यवाद्यांचे म्हणणे येथे शब्दशः खरे ठरले असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे कठीण आहे.

परंतु हा अर्धाच निष्कर्ष होय. तलवाड्याला पोलीस आले नसते तर वारली मुक्त झाला असता काय? जमीनदाराचा चाबूक पोलिसांच्या आधीपासून चालत होता. तो चाबूक थांबला तो प्रथम वारल्यांच्या एकजुटीने. आणि ती एकजूट टिकावी म्हणून पुढे कुळकायद्यासारख्या कायद्याचीही गरज लागली. ज्याच्याजवळ जमीन, धन आणि जात या तिन्ही गोष्टी आहेत त्याला राज्यसंस्थेवाचूनही हुकूम चालविता येतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याला कायदा हे एक शस्त्र असते, जरी ते बोथट असले आणि बहुधा दुसऱ्याच्या हातात असले तरी.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

या ठिकाणी बाबासाहेबांची भूमिका समजून घेणे आवश्यक आहे. परकीय सत्तेविषयी त्यांच्या मनात कोणताही भ्रम नव्हता. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजी राज्याने अस्पृश्यांसाठी काहीही केले नाही असे स्पष्ट सांगून स्वराज्याची मागणी केली. परंतु राष्ट्राचे स्वातंत्र्य म्हणजे लोकांचे स्वातंत्र्य असे गृहीत धरण्यास ते तयार नव्हते. येथवर ते आणि अराज्यवादी एकाच वाटेने चालतात.

वाट वेगळी होते ती खेड्यापाशी. गांधीजींनी राज्याचा हस्तक्षेप किमान असलेल्या स्वयंपूर्ण खेड्यांचे चित्र रंगविले. विनोबांनी शासनमुक्त समाजाची कल्पना मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला ठाऊक असते की खेड्यात राजा नसला तरी राज्य असते. पाणवठा कोणाचा, वाट कोणाची, कोणी कोणते वस्त्र नेसायचे, हे सर्व ठरविणारी ती सत्ता असते आणि तिला शिपाई लागत नाही, बहिष्कार पुरतो. म्हणूनच मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी असा युक्तिवाद केला की, राज्य बाजूला झाले तर उरणारे स्वातंत्र्य हे जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि मालकाला कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य असते.

कायद्याच्या मर्यादाही त्यांना तितक्याच ठाऊक होत्या. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो लोकांना चालत जावे लागले आणि त्याबद्दल मार खावा लागला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना कायदेभंगादी मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, असा इशारा त्यांनी दिला. त्याच भाषणात त्यांनी सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही, असेही बजावले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. त्याच विषयावरील त्यांचा निबंध महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. राज्यसंस्था यथाकाल विरून जाईल असे म्हणणाऱ्या कम्युनिस्टांना त्यात त्यांनी दोन प्रश्न केले आहेत : ती केव्हा विरणार आणि तिच्या जागी काय येणार? दुसरा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. बळ काढून घेताच जर अराजक येणार असेल तर बळाने उभारलेल्या त्या राज्याचा उपयोग काय? त्यांचे उत्तर असे की, बळ मागे घेतल्यावर समाजाला धारण करील अशी शक्ती माणसाच्या मनातच निर्माण व्हावी लागते आणि ते कार्य धम्माचे आहे.

सोपारा, कल्याण आणि कान्हेरी

हे उत्तर केवळ आदर्शवादी आहे काय? याचा विचार करताना आपल्या परिसरातील प्राचीन पुरावा पाहणे उद्बोधक ठरेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. आठव्या लेखात राजाने मृगयेच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. राजसत्तेने स्वतःच्या चैनीला घातलेला हा बांध होता. परंतु इतरत्र कोरलेल्या तेराव्या लेखात, कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप व्यक्त करणारा हाच राजा अटवीतील वनवासींना आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो. धम्मराजानेही दंड पूर्णपणे खाली ठेवलेला नव्हता आणि त्याचा रोख वनवासींकडे होता, हे सत्य आपण नजरेआड करू नये.

दुसरा पुरावा कल्याणचा आहे. कान्हेरीच्या एका शिलालेखानुसार गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याच्या सोळाव्या राज्यवर्षी कल्याणच्या एका व्यापारी उपासकाने भद्रायणीय संघाला लेणे व सभागृह अर्पण केले आणि त्याच्या जोडीला २०० कार्षापणांची अक्षयनीवी व मंगलस्थान येथील शेत दिले. मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे असे मानले जाते. हे दान राजाज्ञेने झालेले नाही. ते भिक्षुसंघ आणि उपासक यांच्यातील परस्परविश्वासावर उभे आहे. तथापि लेखाचा काळ राजाच्या राज्यवर्षात मोजलेला आहे. स्वयंशासित संस्था आणि राज्यसंस्था या येथे शेजारी शेजारी नांदत होत्या.

संघाची अंतर्गत रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. तथागतांनी आपला उत्तराधिकारी नेमला नाही. आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच शास्ता, असे सांगितले. ठराव तीनदा मांडणे, मौन ही संमती मानणे, मतभेद असल्यास शलाका वापरणे, ही विनयाची पद्धत दंडावाचून चालणाऱ्या संस्थेची आहे. संघात प्रवेश करताना जात गळून पडत असे. दंडविरहित समाजाची ती पूर्वअट होती, असे आम्हांस वाटते. क्रोपोत्किन यांनी परस्परसाहाय्य स्वाभाविक मानले. तथागतांनी मैत्री ही अभ्यासाने जोपासण्याची गोष्ट मानली. जातीने विभागलेल्या समाजात परस्परसाहाय्य जातीच्या कुंपणातच थांबते, याचा अनुभव आपण सर्व घेत असतो. ते कुंपण ओलांडण्यासाठी मनाची जाणीवपूर्वक घडण लागते.

कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की चोरांना शासन करून चोरी थांबत नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दिले तर ती थांबते. राज्यसंस्थेचे कर्तव्य आणि दंडाची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका उपदेशात आल्या आहेत.

समारोप

अराज्यवाद्यांनी राष्ट्रमुक्तीच्या उत्सवात विचारलेला प्रश्न खरा होता आणि तलवाड्याच्या गोळीबाराने त्याला रक्ताची साक्ष दिली. परंतु त्यांनी राज्यसंस्थेलाच सत्तेचे एकमेव घर मानले. भारतात सत्तेचे जुने घर जात हे आहे आणि ते राज्यसंस्थेआधी बांधलेले आहे. म्हणून राज्यसंस्थेचा त्याग हा आमच्या समाजाचा मार्ग होऊ शकत नाही. तिच्यावर सर्वस्व सोपविणे हाही होऊ शकत नाही.

आज तलासरी व डहाणू हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना अधिकार दिले आहेत. ग्रामसभेत वारली स्त्री निर्भयपणे बोलू शकते की नाही, यावर त्या अधिकारांचे मोल ठरेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येथील आपल्या वस्त्यांतील विहारांनाही हीच कसोटी लावावी लागेल. कारभार खुल्या सभेत चालतो काय, हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो काय, पोटजातीचा विचार न करता माणसे एकमेकांच्या अडचणीला धावतात काय, या प्रश्नांची उत्तरे कोणतेही सरकार देणार नाही. ती आपल्याला आपल्याच सभांतून द्यावी लागतील आणि बाबासाहेबांनी विचारलेल्या त्या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास आपल्यापुरता तेथूनच सुरू होतो.